दगडाचा चंद्र

आमचे मामा भूगर्भशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. लोणारच्या विवरात आणि त्याच्या काठावर हातोडी घेऊन हिंडण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. माझी मावसबहीण खगोलशास्त्रात पीएच.डी. करते आहे. लघुग्रह एकमेकांवर आदळले की त्यांच्या तुकड्यांचं पुढे काय होतं, हे ती संगणकावर घडवून बघते. दोघांचा एकमेकांवर फार जीव आहे आणि या एका विषयावर त्यांचं मुळीच पटत नाही. मामा म्हणतात, जे हातात घेता येत नाही त्याबद्दल इतक्या खात्रीने बोलू नये. भाची म्हणते, हातात येईल तेवढंच खरं मानायचं तर आकाशातलं बहुतेक सगळं सोडून द्यावं लागेल.

मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात लाखो लघुग्रह फिरत असतात, काही पृथ्वीच्याही जवळून जातात. त्यांतल्या चारशेहून जास्त दगडांना स्वतःचा चंद्र असल्याचं आता माहीत आहे, काहींना तर दोन आहेत. यातल्या लहान दगडांचं गुरुत्वाकर्षण इतकं क्षीण असतं की तिथे माणसाने जोरात उडी मारली तर तो परत खाली येणार नाही. अशा दगडाला चंद्र कुठून मिळतो? दोघांचा वाद या प्रश्नावर आहे. मी तो अनेकदा ऐकला आहे. दोघांची संमती घेऊन, पाल्हाळ गाळून, तो इथे मांडते आहे.

मामा : तुझ्या लाडक्या डॅक्टिलपासून सुरू कर. पण जे दिसलं तेवढंच आधी सांग. जे वाटतं ते नंतर.

भाची : बरं. गॅलिलिओ यान गुरूकडे चाललं होतं. वाटेत २८ ऑगस्ट १९९३ रोजी ते आयडा नावाच्या लघुग्रहाजवळून गेलं. आयडा म्हणजे पन्नास-साठ किलोमीटर लांबीचा वेडावाकडा दगड. यानाचा मोठा अँटेना दोन वर्षांपूर्वीच अडकून बसला होता, पूर्ण उघडलाच नव्हता. त्यामुळे फोटो टेपवर साठवायचे आणि लहान अँटेनातून सावकाश पाठवायचे, सेकंदाला मोजकेच बिट. सगळी चित्रं यायला महिने लागले. १७ फेब्रुवारी १९९४ला मोहिमेतल्या अॅन हार्च अशीच उशिरा आलेली चित्रं तपासत होत्या. त्यांना आयडाच्या बाजूला एक ठिपका दिसला. दुसऱ्या उपकरणाच्या नोंदींशी ताडून पाहिलं तर तो तिथेही होता. दीड किलोमीटरच्या आतबाहेरचा गोळा, आयडापासून नव्वद किलोमीटरवर. हाच डॅक्टिल. लघुग्रहाला चंद्र असतो याचा तो पहिला पक्का पुरावा.

मामा : पक्का हा शब्द तू जपून वापरलास, आवडलं. कारण त्याआधी बरेच कच्चे पुरावे येऊन गेले होते. १९७८ साली हरक्युलिना हा लघुग्रह एका ताऱ्यासमोरून गेला तेव्हा तारा एकदा नव्हे, दोनदा झाकला गेला अशी नोंद झाली. लगेच चंद्राची चर्चा. पुढे हबल दुर्बिणीने नीट पाहिलं तर तिथे काहीच नव्हतं.

भाची : म्हणून तर फोटोची वाट बघावी लागली. पण मामा, आता आयडाचं कुळ बघा. जपानच्या कियोत्सुगु हिरायामांनी १९१८ सालीच दाखवलं होतं की काही लघुग्रहांच्या कक्षा एकमेकांशी इतक्या जुळतात की तो योगायोग असू शकत नाही. त्यांनी त्यांना घराणी म्हटलं. एखादा मोठा लघुग्रह धडकेत फुटला आणि हे त्याचे तुकडे. आयडा त्यांपैकीच कोरोनिस घराण्यातला. ज्या धडकेने घराणं जन्माला आलं, त्याच धडकेने आयडाला चंद्रही दिला असेल, हा विचार तिथूनच सुचतो.

मामा : सुचतो खरा. पण न्यूटन आडवा येतो, त्याचं काय? दगडावरून तुकडा उडाला. वेग कमी असेल तर तो वर जाऊन परत त्याच दगडावर पडतो. जास्त असेल तर कायमचा निघून जातो. मधला मार्गच नाही. जमिनीवरून सुटलेल्या वस्तूची कक्षा बंद झाली तरी ती पुन्हा जमिनीतूनच जाणार, म्हणजे पहिल्याच फेरीत आपटणार. मग कक्षेत राहतो कोण?

हा प्रश्न मामा दरवेळी विचारतात, आणि मला वाटतं, या सगळ्या विषयाचं खरं दार हेच आहे. पुष्कळ लोकप्रिय लेखांत 'धडकेत तुकडे उडाले आणि त्यांतला एक चंद्र झाला' असं एका ओळीत उरकलेलं असतं. ती ओळ यांत्रिकीच्या पहिल्याच धड्याला धरून नाही.

भाची : तुकडा एकटा असता तर तुमचं शंभर टक्के खरं. पण तो एकटा नसतो. २००४ साली डॅनियल डर्डा, विल्यम बॉटके, विल्यम मर्लाइन वगैरेंनी १६१ धडका संगणकावर घडवल्या. समोर शंभर किलोमीटर व्यासाचा बेसॉल्टचा गोळा. त्यावर दहापासून पंचेचाळीस-सेहेचाळीस किलोमीटरपर्यंतचे दगड सोडले, सेकंदाला अडीच ते सात किलोमीटर वेगाने, वेगवेगळ्या कोनांतून. धडकेचा पहिला भाग फार थोडा वेळ चालतो. आघाताची लाट दगडातून सेकंदाला काही किलोमीटर धावते, म्हणजे अर्ध्या मिनिटाच्या आत ती पलीकडे पोचते आणि गोळा फुटलेला असतो. पण तो फुटलाय हे बाहेरून अजून दिसतही नसतं.

मामा : आणि नंतर?

भाची : नंतर सगळं संथ. एवढ्या गोळ्यावरून कायमचं निसटायला सेकंदाला साधारण साठ मीटर वेग लागतो, तासाला सव्वादोनशे किलोमीटर. आदळणारा आला होता त्याच्या कितीतरी पट वेगाने, पण फुटलेल्या तुकड्यांतल्या पुष्कळांना साठ मीटरही मिळत नाहीत. हजारो तुकडे एकमेकांच्या शेजारून, जवळजवळ सारख्याच वेगाने वर निघालेले. खाली उरलेल्या गाभ्याचा आकार वेडावाकडा, त्यावर सतत माल परत पडतोय, त्यामुळे त्याचं ओढणंही क्षणोक्षणी बदलतंय. तुकडे एकमेकांना घासतात, ओढतात, चिकटतात. तुमचा न्यूटन इथेही लागू आहे, फक्त दोन वस्तूंऐवजी हजारो वस्तूंना. या गर्दीत काही तुकड्यांची कक्षा खालच्या बाजूने उचलली जाते आणि दगडाला न शिवता पुढे जाते. ते चंद्र. असे काही दिवसांतच तयार होतात.

मामा : ही एक जात. तू दुसरीही सांगतेस.

भाची : दुसरी मला जास्त आवडते. जे तुकडे कायमचे निसटले, त्यांतले दोन शेजारी कधीकधी जवळजवळ एकाच दिशेने, एकाच वेगाने निघालेले असतात. मूळ दगडाला ते कायमचे सोडून जातात, पण एकमेकांना सोडत नाहीत. त्यांच्यातला सापेक्ष वेग इतका कमी असतो की त्या दोघांचं इवलंसं गुरुत्वाकर्षणही पुरतं. दूरदूरच्या अंतरावर, सावकाश, एकमेकांभोवती फिरणारी जोडी. ही गोष्ट डर्डांच्या गटाच्या धडकांत दिसली, आणि त्याच्याही आधी, २००१ साली पॅट्रिक मिशेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अख्खी घराणी संगणकावर फोडून दाखवली होती. तुकडे फुटतात, पण बरेचसे पुन्हा गोळा होतात. घराण्यातले मोठे सदस्य हे अखंड तुकडे नव्हेत, पुन्हा जमलेले ढीग आहेत.

मामा : आता माझी पाळी. तुझा गोळा बेसॉल्टचा, अखंड. बेसॉल्ट मला ठाऊक आहे, आख्खा दख्खन त्याचा आहे. पण १९९७ साली नीअर यान मॅथिल्डा या लघुग्रहाजवळून गेलं तेव्हा तिची घनता पाण्याच्या सव्वापटीहून थोडीच जास्त निघाली. अर्ध्याच्या आसपास पोकळी. तिच्यावर प्रचंड विवरं आहेत, आणि ती फुटलेली नाही. त्या विवरांना जगातल्या कोळसा-क्षेत्रांची नावं दिलीत, त्यात आपलं दामोदरही आहे. दगड अखंड धरायचा की गोट्यांचा ढीग धरायचा यावर निकाल पालटत असेल, तर मी कोणता निकाल मानू?

भाची : निकाल बदलतो, पालटत नाही. त्याच गटाने पुढे ढीग धरूनही त्याच धडका पुन्हा घडवल्या. तुकड्यांच्या आकारांचा हिशेब वेगळा येतो, पण चंद्र तयार होतातच.

मामा : बघ पोरी, मी संगणकाला खोटं म्हणत नाही. मी म्हणतो, लोणारचं काय झालं ते आठव. तळं गोल आहे, खोल आहे, काठ उचललेला आहे, हे दीडशे वर्षं सगळ्यांना दिसत होतं. तरी निम्मे लोक ज्वालामुखी म्हणायचे, निम्मे उल्का म्हणायचे. आकारावरून दोन्ही पटत होतं. मग खाली छिद्रं पाडली, गाभे काढले, आणि १९७३ साली सायन्स मासिकात पुरावा छापून आला. त्या गाभ्यांतल्या दगडात मॅस्केलिनाइट सापडलं होतं.

इथे मामा उठले आणि कपाटातून जुना सूक्ष्मदर्शक काढला. दगडाची बोटाच्या पेराएवढी, पातळ चकती त्याखाली ठेवली आणि मला आधी बघायला लावलं. दोन ध्रुवक एकमेकांना आडवे लावलेले. तळातली चकती हळूहळू फिरवली की खनिजांचे कण राखाडी, पांढरे, पिवळसर उजळायचे आणि विझायचे. मधला एक लांबोळा कण मात्र, कितीही फिरवा, काळाच. त्याच्या कडा सरळ, स्फटिकाच्या, पण आत स्फटिक उरलेला नाही, काच झालेली आहे. हेच मॅस्केलिनाइट. वितळून ओघळली असती तर कडा गेल्या असत्या. तीन लाख वातावरणांच्या आसपास दाब एका क्षणात आला आणि गेला तरच फेल्डस्पारचं असं होतं. ज्वालामुखीला ते जमत नाही.

मामा : हा साक्षीदार. आकार, तर्क, नकाशा हे सगळं असताना वाद मिटला नव्हता. या कणाने मिटवला. तुझ्या उपग्रहांचं मॅस्केलिनाइट कुठे आहे, सांग.

भाची लगेच बोलली नाही. मला तो प्रश्न अन्यायाचा वाटला नाही. संगणकावर चंद्र तयार होतो हे दाखवणं म्हणजे तसं घडू शकतं एवढंच दाखवणं. आयडाच्या बाबतीत तसंच घडलं, हे म्हणायला आणखी काहीतरी लागतं. मामा त्या 'आणखी काहीतरी'ची मागणी करत होते.

मामा : आणि ही मागणी मी उगाच करत नाही. दुसरा कोणीतरी चंद्र देतोय, धडकेविना, हेही तुम्हीच लोक सांगता.

भाची : सूर्यप्रकाश. हो. दगड ऊन शोषतो आणि उष्णता परत सोडतो. सोडताना अगदी नाममात्र धक्का बसतो. दगडाचा आकार वेडावाकडा असेल तर तो धक्का सगळीकडून सारखा बसत नाही आणि दगडाला हळूहळू पीळ पडतो. याला यॉर्प (YORP) परिणाम म्हणतात. हे नुसतं गणित नाही. २००७ साली एका लहान लघुग्रहाचं फिरणं मोजलं. तो बारा मिनिटांत स्वतःभोवती एक फेरी मारतो आणि ती फेरी दरवर्षी एका मिलिसेकंदाच्या आसपास कमी होते आहे. त्याचं नावच पुढे यॉर्प ठेवलं.

मामा : आणि लाखो वर्षं असं चाललं की फुगडीसारखं होतं. वेग वाढत जातो, हात सुटायला लागतात.

भाची : बरोबर. दोनशे मीटरांहून मोठे लघुग्रह सव्वादोन तासांपेक्षा वेगाने फिरताना जवळजवळ सापडतच नाहीत. त्या वेगाला विषुववृत्तावरचा गोटा उचलला जातो, ढीग धरून ठेवता येत नाही. २००८ साली केविन वॉल्श, डेरेक रिचर्डसन आणि मिशेल यांनी गोट्यांचा ढीग संगणकावर असाच हळूहळू जास्त जोरात फिरवला. माल ध्रुवांकडून विषुववृत्ताकडे सरकला, तिथून सुटला, आणि बाहेर जमून त्याचा चंद्र झाला. मागे राहिलेला दगड भोवऱ्याच्या आकाराचा, कमरेला कडा असलेला.

मामा : आणि तशा कमरेचा दगड रडारने आधीच पाहिला होता. त्याचं नाव १९९९ केडब्ल्यू४. चंद्रासकट. हे मला पटतं.

भाची : मामा, हेही संगणकातूनच आलंय! ज्या धडका तुम्हाला पटत नाहीत त्या आणि हे फिरवणं, दोन्हीत रिचर्डसन आहेत आणि दोन्हीत त्यांचीच गुरुत्वाकर्षणाची पद्धत आहे.

मामा : असू दे. मला कोणी केलं याचं काही नाही. त्या सिद्धांताने खूण सोडली आहे, म्हणून पटतं. अशा जोडीतला मोठा दगड सव्वादोन-अडीच तासांत फिरतो. कमरेला फुगवटा असतो. आणि पेत्र प्रावेत आणि अॅलन हॅरिस यांनी हिशेब केला की दगड आणि चंद्र दोघांचं मिळून जे फिरणं आहे, ते सगळं परत एकाच दगडात ओतलं तर तो दगड बरोबर फुटण्याच्या काठावर येतो. एकदोन नव्हे, अशा लहान जोड्या एकामागून एक त्याच काठावर. हे झालं मॅस्केलिनाइट. पृथ्वीजवळच्या लघुग्रहांपैकी शंभरातले पंधराएक जोडीने आहेत, ते बहुतेक याच रस्त्याने आलेत. धडकांची गरजच पडली नाही.

भाची : लहानांसाठी. उन्हाचा पीळ दगड मोठा होत जाईल तसा निकामी होतो. खरोखर मोठा दगड फुटेपर्यंत फिरवायला त्याला सूर्यमालेचं आयुष्यही पुरत नाही. युजिनिया या लघुग्रहाचंच घ्या, ती दोनशे किलोमीटरांची आहे. १९९८ साली हवाईमधल्या दुर्बिणीने तिचा चंद्र पाहिला, जमिनीवरून सापडलेला पहिला. सिल्व्हिया तिच्याहून मोठी आणि तिला दोन चंद्र, रोम्युलस आणि रीमस. त्यांना उन्हाने काय फिरवलं असेल? मोठ्यांना धडकेशिवाय दुसरा रस्ता मला तरी दिसत नाही.

मामा : दुसरा रस्ता दिसत नाही, हा पुरावा नसतो. ज्वालामुखीवाले हेच म्हणायचे.

मला या वळणावर एक गोष्ट स्पष्ट वाटते. लघुग्रहांच्या चंद्रांसाठी एकच जन्मकथा शोधणं सोडून द्यायला हवं. लहान दगडांचं ऊन आणि मोठ्यांची धडक, या दोन वेगळ्या कथा आहेत. गोंधळ होतो तो मधल्या आकारांच्या बाबतीत, आणि आयडासारख्या जुन्या जोड्यांच्या बाबतीत. डॅक्टिलचंच घ्या. आयडाच्या अंगावर इतकी विवरं आहेत की तिचा पृष्ठभाग शंभर कोटी वर्षांहून जुना असावा. दीड किलोमीटरचा गोटा त्या पट्ट्यात इतका काळ न फुटता राहणं कठीण. म्हणजे डॅक्टिल जन्मला असेल एका धडकेत, फुटला असेल दुसऱ्या धडकेत, आणि आयडाभोवतीच पुन्हा जमला असेल. आज दिसणारा डॅक्टिल हा त्याच मालाचा, पण तोच नव्हे. अशा वस्तूकडून जन्माची खूण मागायची म्हणजे अनेकदा खोडलेल्या पाटीवरचं पहिलं अक्षर मागणं आहे. मामांनाही हे माहीत आहे. ते म्हणतात, म्हणूनच त्या पाटीवरून काही वाचल्याचा दावा करू नये.

भाची : तुम्हाला धडक घडताना दिसली तर चालेल?

मामा : चालेल. दाखव.

भाची : २०१० च्या डिसेंबरात शायला नावाचा शंभराहून जास्त किलोमीटरांचा लघुग्रह अचानक उजळला आणि त्याला धुळीचे पिसारे फुटले. तीसएक मीटरांचं काहीतरी आदळलं होतं. आणि २७ सप्टेंबर २०२२, आपल्याकडे पहाटेचे पावणेपाच. डार्ट यानाचा मुद्दाम घडवलेला आघात.

मामा : तो मी जागून पाहिला.

मीही पाहिला होता. पावणेआठशे मीटरांचा डिडिमॉस हा लघुग्रह आणि त्याच्याभोवती फिरणारा, दीडशे मीटरांच्या आसपासचा डायमॉर्फस. यानाला शेवटच्या तासाभरापर्यंत हा चंद्र वेगळा दिसतही नव्हता. मग एकेक सेकंदाला चित्र येत गेलं. ठिपका, मग अंडं, मग धोंडेच धोंडे. शेवटचं पूर्ण चित्र आदळण्याच्या दोन सेकंद आधीचं, सुमारे बारा किलोमीटरांवरून घेतलेलं. त्यात एकतीस मीटर रुंदीचा तुकडा दिसतो. टोकदार, मोटारींएवढे दगड, एकमेकांवर नुसते टेकलेले, मध्ये बारीक खडी. सपाट जागा कुठेच नाही. त्यानंतरचं चित्र अर्धवटच आलं, कारण पाठवणारा उरला नव्हता. ढीग म्हणजे काय, हे त्या चित्राइतकं मला कुठल्याच लेखातून कळलं नव्हतं.

भाची : पावणेसहाशे किलोंच्या आसपासचं यान, सेकंदाला सहा किलोमीटर वेग. आदळण्याआधी डायमॉर्फसची फेरी ११ तास ५५ मिनिटांची होती. ७३ सेकंदांनी जरी कमी झाली तरी मोहीम यशस्वी मानायची, असं ठरलं होतं. झाली ३३ मिनिटांनी कमी. यानाने जेवढा जोर दिला त्याच्या साडेतीनपटीहून जास्त जोर चंद्राला मिळाला. तो जादा जोर उलट दिशेने उडालेल्या मालाचा.

मामा : आणि तुमच्या संगणकाने किती सांगितलं होतं?

भाची : मोठा पल्ला सांगितला होता, कारण दगड किती घट्ट आहे हे माहीत नव्हतं. खरा आकडा त्या पल्ल्यात बसला, आणि त्यावरून आम्हाला दगडाबद्दल कळलं, की तो जवळजवळ सैल आहे.

मामा : म्हणजे उत्तर आल्यावर प्रश्न दुरुस्त केला.

भाची : मामा! तुम्ही दगडाच्या चकतीवरून दाब काढता, तो तरी कसा काढता? प्रयोगशाळेत बंदुकीने फेल्डस्पारवर मारा करून, किती दाबाला काच होते ते आधी मोजलेलं असतं म्हणून. तो झाला एका कणाचा प्रयोग. डार्ट हा एका आख्ख्या चंद्राचा प्रयोग. दोन्हीकडे आपण ओळखीच्या धडकेवरून अनोळखी धडक वाचतो.

मामा गप्प राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "हे मला आधी कोणी असं सांगितलं नव्हतं."

पण त्यांनी लगेच दुसरी बाजू काढली.

मामा : शेजार म्हणजे नातं नव्हे, हेही लक्षात ठेव. लोणारपासून सातशेएक मीटरांवर अंबर तळं आहे, ठाऊक आहे ना? तिथलं मारुतीचं देऊळ आपण पाहिलंय. ते तळं उल्केच्या सोबतच्या तुकड्याने झालं असं आमच्या पिढीत सगळे सांगायचे, मीही वर्गात सांगायचो, 'असं म्हणतात' म्हणून. आघाताची खात्रीची खूण तिथे कोणाला मिळालेली नाही. आणि कॅनडात, क्वेबेकमध्ये, क्लिअरवॉटरची दोन तळी आहेत, एकमेकांना खेटून. एक ३६ किलोमीटरांचं, दुसरं २६. पुस्तकांत छापलेलं असायचं की जोडलघुग्रह पडला आणि दोन विवरं एकदम झाली. २०१५ मध्ये आर्गॉनच्या पद्धतीने वयं नीट काढली. पश्चिमेचं २८ कोटी ६० लाख वर्षांचं. पूर्वेचं ४६ कोटींच्या पुढे. दोघांच्या मध्ये साडेसतरा कोटी वर्षं तरी गेलेली.

भाची : आणि स्वीडनमधली लॉक्ने आणि मॉलिंगेन? तिथे दोन विवरं सोळा किलोमीटरांवर, आणि थर तपासले तर वय एकच, ४५ कोटी ८० लाख वर्षं. तुमच्याच पद्धतीने सिद्ध झालेली जोडी.

मामा : ती मानतो मी.

भाची : मग अडचण कुठली?

मामा : हिशेबाची. पृथ्वीजवळ फिरणाऱ्यांपैकी शंभरात पंधरा जोडीने. मग विवरंही शंभरात पंधरा जोडीने हवीत. मिळतात दोन-चार.

भाची : कारण बहुतेक जोड्या इतक्या जवळजवळ फिरतात की दोन्ही खड्डे एकमेकांत मिसळून जातात. वेगळी विवरं फक्त दूरच्या जोड्या पाडतात. आणि मामा, इथेच तुमच्या मॅस्केलिनाइटचं उत्तर आहे. उन्हाने फिरून सुटलेला चंद्र जवळ असतो आणि मोठा दगड वेगात फिरत असतो. धडकेतून एकत्र निसटलेली जोडी दूर असते आणि दोघंही सावकाश फिरू शकतात. उन्हाच्या कथेत ती बसत नाही. हबलने २००३ आणि २००४ मध्ये अशा दोन जोड्या पाहिल्या, मोठा दगड अवघा चार-पाच किलोमीटरांचा आणि चंद्र दोनशे किलोमीटरांच्या आसपास दूर. दोन्ही कोरोनिस घराण्यातल्या. आयडाच्या.

मामा : दोन्ही?

भाची : दोन्ही.

मामांनी चष्मा काढून पुसला. भाची जिंकली असं मी म्हणणार नाही, दोन जोड्यांवर घराण्याचा इतिहास उभा राहत नाही. पण तिने मामांच्या अटीवर, मामांच्या भाषेत उत्तर दिलं होतं. मला स्वतःला तिचंच म्हणणं पटतं. साक्षीदार हातात घेता येण्याजोगा असायलाच हवा, ही मामांची अट मला मान्य नाही. दोनशे किलोमीटर अंतर आणि सावकाश फिरणं हीसुद्धा खूणच आहे, ती फक्त कक्षेत लिहिलेली आहे. मात्र अशी खूण आधी ठरवून मग शोधायला हवी, हे मामांचं म्हणणं भाचीने ज्या दिवशी सोडलं त्या दिवशी तिचं काम नुसतं सुंदर चित्रपट बनवणं होईल.

मामा : २०२३ मध्ये लुसी यान डिंकिनेश या लघुग्रहाजवळून गेलं, तेव्हा त्याच्याभोवती काय दिसलं ते तुला माहीत आहे.

भाची : सेलाम. दोन गोळे एकमेकांना चिकटलेले, आणि ती जोडीच चंद्र होऊन फिरते आहे. लघुग्रहाभोवती फिरणारा असा जोडगोळा त्याआधी कोणी पाहिला नव्हता.

मामा : तो तुमच्या चित्रपटांत होता?

भाची : नव्हता. त्याच्यावर अजून काम चालू आहे. दोन चंद्र वेगवेगळ्या वेळी सुटले आणि हळूच टेकले, असं एक म्हणणं आहे. इतक्या हळू की दोघांचा आकार शाबूत राहिला.

मामा : बरं. आता सरळ विचारतो. काय दिसलं तर तू म्हणशील की मी चुकले?

भाची : कॅरिन. कोरोनिस घराण्याच्या आतलंच लहान घराणं, अवघं ५८ लाख वर्षांपूर्वी फुटलेलं. दूरदूरच्या जोड्या नाजूक असतात, काळ गेला की धडकांनी तुटतात. म्हणून त्या असल्या तर ताज्या घराण्यात जास्त असायला हव्यात. कॅरिनचे लहान सदस्य पुरेसे तपासले आणि अशा जोड्या बाहेरच्या दगडांइतक्याच किंवा कमी निघाल्या, तर एकत्र निसटण्याची ती दुसरी जात मी सोडून देईन. मोठ्यांच्या चंद्रांबद्दल तरीही वाद घालीन. आता तुमचं सांगा.

मामा : हेरा यान २०२४ च्या ऑक्टोबरात निघालंय, २०२६ च्या अखेरीला डिडिमॉसला पोचायचंय. डार्ट आदळला तिथे काय उरलंय ते ते बघणार, डायमॉर्फसचं वजन काढणार. तुझ्या लोकांनी काय होईल म्हणून छापलंय?

भाची : साबिना रादुकान आणि सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये छापलंय, धडकांसाठी वापरतात त्याच प्रकारच्या गणिताने. तिथे नेहमीसारखं वाटीच्या आकाराचं विवर दिसणार नाही. दगड इतका सैल आहे की आख्ख्या डायमॉर्फसचाच आकार बदलला असणार.

मामा : हे हेरा पोचायच्या आधी छापलंय. म्हणजे आता मागे फिरून प्रश्न दुरुस्त करता येणार नाही.

भाची : नाही येणार.

मामा : मग तो निबंध छापून आण माझ्यासाठी. आकृत्यांची पानं रंगीत काढ, आणि पहिल्या पानावरची तारीख दिसली पाहिजे. हेराचे फोटो आले की तू इथे ये. दोन्ही टेबलावर शेजारी ठेवू, आणि वाटी दिसली तर मी तुला लोणारपासून पुन्हा सगळं शिकवीन.

भाची : आणि नाही दिसली तर?

मामा : तर सिल्व्हियाचे दोन चंद्र कसे झाले ते तू मला पहिल्यापासून सांगशील, आणि मी मध्ये बोलणार नाही.